मागच्या सीटची लांबी

गाडी कुणाचीही असो, गिदोन सर आधी तिचं मागचं दार उघडायचे. पुढे बघायचेच नाहीत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी शिंप्याची टेप असायची. चहा घेताना बशीत थेंब सांडला की त्या थेंबाकडे बघत राहायचे. संध्याकाळी शाळेतून येताना वाट वाकडी करून पेट्रोल पंपावरून यायचे. पंप चालू आहे ना, एवढंच बघायला. जीपच्या अड्ड्यावरून मात्र कधी जायचे नाहीत. गाडीला चावी लावण्याआधी डोळे मिटायचे, ओठ हलायचे. मग उजव्या हाताने डावा खांदा दाबायचे. विचारलं तर म्हणायचे, अजून सवय नाही रे स्टेअरिंगची.

सर गेले त्याला अजून महिना झालेला नाही.

गिदोन भिंगारदिवे जामखेडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहतो. मराठीत एम.ए. केलंय, नोकरी नाही, मुलांच्या शिकवण्या घेतो. सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. चांगले उंच. दारातून आत येताना सवयीने मान वाकवायचे. मी त्यांच्या खांद्याला लागायचो. मैत्री कशी झाली ते सांगता येणार नाही. भिंत एक होती, पाण्याचा नळ एक होता.

त्यांना गाडी घ्यायची होती. नव्या वेतनाची थकबाकी मिळाल्यावर शाळेतल्या तिघाचौघांनी गाड्या घेतल्या होत्या. त्यांनी रंग बघितला आणि घेतली. सर महिनोन्महिने नुसते मोजत होते. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून चिडवाचिडवी चालायची. एकदा राधाकृष्ण सर सगळ्यांसमोर म्हणाले, भिंगारदिवे, गाडी घ्यायचीय का सून बघताय? किती ठिकाणी कांदेपोहे खाणार? सर हसले. पण घरी आल्यावर मला म्हणाले, चुकीची घेतली तर परत कुठून आणू?

ते गाडीबद्दल बोलत नव्हते. ते मला नंतर कळलं.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी, मरियावहिनी, पहिल्यांदा गरोदर होत्या. सातव्या महिन्यातच दुखायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी नगरला न्या म्हणून सांगितलं. बाजाराचा दिवस होता. सरांनी वहिनींना अड्ड्यावर आणलं, नंबराला लागलेल्या जीपमध्ये मागे बसवलं. वडापची, सीटावारी माणसं नेणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. जीप गोरक्षची होती. सर त्याला म्हणाले, जरा लवकर काढता का, घरच्यांची तब्येत बरी नाही. गोरक्ष म्हणाला, सर, दोन शिटा येऊ द्या, लगीच हालतो. दोन सीटा आल्या, मग आणखी दोन आल्या. सर गप्प बसून राहिले. कळा सुरू आहेत, हे एवढ्या पुरुषांत मोठ्याने सांगायचं कसं? त्यांनी सांगितलं नाही. वहिनी पदर तोंडात धरून बसल्या होत्या. त्यांनीही सांगितलं नाही. जीप सुटली, आष्टी गेली, कडा गेलं. पुढे एका लिंबाखाली ती थांबवावी लागली. मुलगा होता. नगर येईपर्यंत तो राहिला नाही.

हे सरांनी मला एकदाच सांगितलं, गाडी चालवताना. मी मागच्या सीटवर आडवा झालो होतो. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं, म्हणून सांगू शकले असावेत.

आता वहिनींना परत दिवस गेले होते. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मागच्यासारखं लवकर सुरू होऊ शकतं. दुखायला लागलं की तेव्हाच निघायचं. डाव्या कुशीवर झोपवून आणायचं, हिसके बसता कामा नयेत. शेवटच्या महिन्यात वहिनी नगरला बहिणीकडे राहणार होत्या. एंजेलाताईंच्या एका खोलीत आधीच पाच माणसं होती, त्यामुळे त्याआधी जाणं अवघड होतं. मधले दोन-तीन महिने जामखेडमध्येच काढायचे होते. सरांची सगळी भीती त्या दोन-तीन महिन्यांत येऊन बसली होती.

म्हणून त्यांना अशी गाडी हवी होती जी कुणाची वाट बघणार नाही. वहिनी जिच्यात आडव्या मावतील. बनुबाई जिच्यात पायांशी बसू शकतील. बनुबाई म्हणजे आमच्या गल्लीतली जुनी सुईण. आणि जी थोड्या पेट्रोलवर नगर गाठेल, कारण आमचा पंप दिवस मावळला की बंद होतो आणि कधी कधी दिवसाही साखळी लावून बसतो.

गाडीची परीक्षा घ्यायची सरांची पद्धत ठरलेली होती. ओळखीच्यांकडून रविवारी गाडी मागायची. सरांना नाही कोण म्हणणार? अर्ध्या गावाची मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. आणि गाडी परत येताना टाकी भरून यायची. पंपावर आधी टाकी काठोकाठ भरायची. तोंडाशी पेट्रोल दिसलं की सर गाडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी गदागदा हलवायचे, आत अडकलेली हवा जावी म्हणून. मग आणखी थोडं मावायचं. पंपावरचा माणूस म्हणायचा, सर, धान्य मापताय का? मग मीटरचा आकडा बघून मला पाठ करायला सांगायचे. नगरला जाऊन यायचं आणि त्याच पंपावर, त्याच नळीने परत काठोकाठ भरायची. जेवढं मावेल तेवढं जाळलं. असं ॲव्हरेज खरं कळतं म्हणायचे, कंपनीच्या कागदावर कुणीही काही लिहील.

माझं काम झोपायचं. वहिनींची आणि माझी उंची एक. पहिल्याच दिवशी बनुबाईंनी चेष्टेने माझ्या पोटावर उशी बांधली आणि म्हणाल्या, आता शोभतीय गर्भारशीन. सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी उशीची गाठ नीट करून दिली आणि ती मला कधी सोडू दिली नाही.

डोकं डाव्या दाराकडे, डावी कूस खाली, तोंड पुढे. सीटपुढे खाली, जिथे बनुबाई बसणार, तिथे पितळी तांब्या काठोकाठ भरून ठेवलेला. नगरला पोचल्यावर सर आधी तांब्यात बोट घालून बघायचे, किती सांडलं. मला झाडांचे शेंडे आणि विजेच्या तारा दिसायच्या. आणि पुढच्या दोन सीटांच्या फटीतून सरांचा डावा हात. गिअरवरचा. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मला त्या हातावरून आधी कळायचा. खड्डा येण्याआधी बोटं आवळायची.

राधाकृष्ण सरांची मारुती ८०० पेट्रोलचा नुसता वास घेऊन पळायची. सर खूश झाले होते. पण माझे गुडघे पोटाशी आले आणि आष्टीपर्यंत तांब्या अर्धा झाला. एका डॉक्टरांची माटिझ बाहेरून डबीएवढी, आत बघावं तर मोकळी. पण मोकळी बसणाऱ्याला. सरांनी टेप लावली, माझ्याकडे बघितलं आणि टेप गुंडाळली. सिमेंटवाल्यांच्या इंडिकात मी पहिल्यांदा पाय सरळ केले. डिझेलवर चालणारी, खर्चाची चिंता नाही. सर दोन दिवस आनंदात होते. मग कळलं की नव्या इंडिकासाठी नंबर लावून थांबावं लागेल, आणि तोपर्यंत वहिनींचे दिवस भरतील. नंबर आणि थांबणं हे शब्द ऐकून त्यांनी तो विषयच सोडला. कुणीतरी म्हणालं, मग व्हॅन घ्या की, आख्खी खाट मावेल. सर म्हणाले, तिला पुढे नाक नाही. समोरून काही आलं तर? एका भीतीला उत्तर सापडलं की दुसरी उभी राहायची.

वहिनी या सगळ्याला कंटाळल्या होत्या. एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, कुठलीही घ्या, पण घ्या. मी वाटेतच गेले तर ॲव्हरेज काढून काय करणार आहात?"

सर ताटावरून उठले. बाहेर नळापाशी जाऊन उभे राहिले. वहिनींनी तव्यावरची भाकरी करपू दिली.

तुम्ही शाळेत असताना दुखायला लागलं तर काय, हेही वहिनींनी विचारलं होतं. शाळा चालत पाच मिनिटांवर आहे, असं सर म्हणाले. सगळ्यांचं समाधान झालं. पुढचा प्रश्न कुणालाच पडला नाही.

ऑक्टोबर आला. वहिनींना सातवा लागला. सर रात्री भिंतीपलीकडे उठबस करायचे, मला ऐकू यायचं. शेवटची एक गाडी राहिली होती. आबासाहेब म्हणून ठिबकच्या नळ्यांचे व्यापारी आहेत, त्यांची नवी सँट्रो. छत उंच. बनुबाईंना सरांनी उभ्या गाडीत पायांशी बसवून बघितलं. त्या म्हणाल्या, मला बी बोचक्यावानी कोंबा आता. पण त्यांची मान ताठ राहिली. सर म्हणाले, रविवारी हिची ट्रायल घेऊ आणि सोमवारी ठरवून टाकू. हीच, नाहीतर सरळ मारुती. त्यांनी असं दिवसाचं नाव घेऊन पहिल्यांदाच सांगितलं.

रविवारी चर्चमधून आल्यावर निघालो. टाकी भरली. सरांनी गाडी हलवली. हलवून झाल्यावर गाडीला टेकून थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं, ऊन आहे. आकडा त्यांनी दोनदा म्हणवून घेतला माझ्याकडून. वहिनी दारात आल्या होत्या. माझ्या पोटावरच्या उशीकडे बघून म्हणाल्या, "सांभाळून न्या हो तिला." त्या दिवशी सरसुद्धा हसले.

आष्टीपर्यंत तांब्यातून थेंब सांडला नाही. मी तसं ओरडून सांगितलं. गिअरवरचा हात दिसत होता. कडा मागे पडलं. ते लिंबाचं झाड मला आडव्यानेही ओळखू येतं, त्याची एक फांदी वीज पडून काळी झालीय. तिथे सर नेहमी गाडी हळू करतात. त्या दिवशी केली नाही. मी बघितलं, तर हात गिअरवर नव्हता. मांडीवर पडला होता, उताणा. बोटं उघडी.

खड्डा आला. बोटं आवळली नाहीत.

मी उठून बसलो. गाडी हळूहळू कडेला गेली, मातीत उतरली आणि थांबली. सरांनी उजवा हात पलीकडे नेऊन हँडब्रेक ओढला. चावी बंद केली. मानेवरून घाम असा वाहत होता की कॉलर चिकटली होती. म्हणाले, पाणी दे जरा.

मी तो तांब्या दिला. दोन घोट घेतले, बाकीचं शर्टावर सांडलं. मी विचारलं, छातीत दुखतंय का. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग आरशातून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मला गाडी चालवता येत नाही. ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण दोघांनाही माहीत असलेल्या त्या गोष्टीचा अर्थ आम्हाला तिथे, त्या मातीत कळला. महिनोन्महिने आम्ही गाड्या मोजल्या. चालवणारा एकच होता.

"महेंद्र," ते म्हणाले, "मरियाला कोण आणेल रे?"

एवढंच. स्वतःबद्दल एक शब्द नाही.

मी रस्त्यावर उभा राहिलो. एक ट्रक गेला. एसटी आली, ड्रायव्हरने हात हलवून मागे बोट दाखवलं आणि निघून गेला. ऊन इतकं होतं की डांबर लांबवर पाण्यासारखं दिसत होतं. मागे वळून बघायचा धीर होत नव्हता. मग नगरच्याच दिशेने जाणारी एक जीप आली. टपावर, पायरीवर माणसं लोंबकळलेली. मी आडवा गेलो. जीप थांबली.

गोरक्ष होता.

मी सगळं बोललो. मोठ्याने, सगळ्यांसमोर. गोरक्षने खाली उतरून गाडीत वाकून बघितलं. मग जीपकडे तोंड करून म्हणाला, "समदे हितंच थांबा. मागून दुसरी येईल, तीत बसा." कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. त्याने ऐकलं नाही. चौघांनी मिळून सरांना उचलून सँट्रोच्याच मागच्या सीटवर घेतलं.

ते मावले नाहीत. माझ्या मापाने, वहिनींच्या मापाने सगळं बघितलं होतं. सरांचे पाय दाराबाहेर राहिले. गुडघे दुमडून, दाबून, तेव्हा दार लागलं. मी सीटपुढे खाली बसलो, बनुबाईंच्या जागी. सरांचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. गोरक्ष गाडी भन्नाट नेत होता आणि तरी खड्डे चुकवत होता. मी सरांचा डावा हात धरून ठेवला होता. थंड होता आणि ओला.

चिचोंडी पाटील गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, वर छताकडे बघत म्हणाले, "भरली का?"

मी म्हणालो, "भरली सर. सुटली. निघालोय आपण."

गोरक्षने आरशात बघितलं. मग आरसा हाताने वर केला.

नगरला दवाखान्यात त्यांना आत नेलं तेव्हा श्वास चालू होता. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. आधी कधी हात, खांदा दुखायचा का, असं विचारलं. मी सांगितलं, दाबायचे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. एक नर्स माझ्या पोटाकडे बघत होती. उशी तशीच बांधलेली होती. मला ती गाठ सोडता येईना.

गोरक्ष बाहेर पायरीवर बसला होता. मी शेजारी बसलो. सर गेल्याचं त्याला कळलेलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वीचं तर त्याच्याच जीपमध्ये घडलं होतं. म्हणाला, "मास्तर, त्या दिशी मला कुनी बोल्लंच न्हाई. नुसतं सांगितलं असतं, तर मी मोकळी जीप पळवली असती. देवाशपथ." मग तोच पुन्हा म्हणाला, "आज तरी सांगितलं तुमी."

मग तो एसटीने परत गेला, वाटेत उभी असलेली त्याची जीप घेऊन जामखेडला गेला आणि वहिनींना, बनुबाईंना घेऊन आला. बनुबाईंनी नंतर सांगितलं, अड्ड्यावर ओळखीची माणसं आडवी आली, हात केले. त्याने थांबवली नाही. मागच्या लांब बाकावर वहिनी गोधडीवर डाव्या कुशीला झोपल्या होत्या. सगळी जीप रिकामी. आणि एवढ्या मोठ्या जीपमध्ये बनुबाई खाली पायांशी बसल्या होत्या, शिकवल्याप्रमाणे. सर गेल्याचं वाटेत कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींना ते जीप रिकामी बघूनच कळलं होतं.

नगरलाच माती दिली. वहिनी आता एंजेलाताईंच्या खोलीत आहेत. पाचाची सात माणसं झालीत, बनुबाईही तिथेच राहिल्यात. दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. परवा भेटून आलो. पोट खाली उतरल्यासारखं वाटतं, असं बनुबाई हळूच म्हणाल्या. अजून बरेच दिवस बाकी आहेत. वहिनी बोलता बोलता मध्येच थांबतात, भिंतीला हात लावतात आणि आम्ही सगळे श्वास रोखून धरतो. मग त्या म्हणतात, काही नाही. मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "शेवटी कुठली ठरली होती त्यांची?" मी म्हणालो, परत आल्यावर टाकी भरून सांगणार होते.

सँट्रो आता आबासाहेबांच्या दारात उभी आहे. ते ती वापरत नाहीत, मला काही विचारतही नाहीत. गोरक्षने ती परत आणून लावली तेव्हा तांब्या आतच राहिला होता, तो त्याने मला दिला. मीटरचा निघतानाचा आकडा मला अजून पाठ आहे. काल संध्याकाळी मी पंपावरून आलो. चालू होता. तिथल्या माणसाने मला ओळखलं आणि मान खाली घातली. सँट्रोची टाकी पुन्हा काठोकाठ भरायची तेवढी राहिली आहे.